दोन ओळींची नोंद

बायकोने प्रबंधाचं शेवटचं पान पुन्हा उघडलं. ती नोंद तिथेच होती. संदर्भसूचीच्या मधोमध, ऐसपैस दोन ओळी अडवून.

"ही तू मजकुरात घेतलीस?"

नवरा आरशासमोर टायशी झटापट करत होता. थोड्याच वेळात तोंडी परीक्षा. पार पडली तर डॉक्टरेट, आणि कॉलेजातली कधीपासूनची लोंबकळती नोकरी एकदाची पक्की. नाही पडली तर पुढच्या महिन्यापासून घरी. सकाळपासून दोघांचाही पाय एका जागी ठरत नव्हता.

"कुठली?" त्याने विचारलं.

"ही. लांबलचक नावाची."

"घेतली म्हणजे काय? तिसरं प्रकरण तिच्यावरच उभं आहे."

"लेख वाचलास तू?"

आरशातला चेहरा आक्रसला. "आज विचारायची गोष्ट आहे का ही?"

बायको छापखान्यात पानं लावायची. प्रबंधही तिनेच लावला होता, साध्या अक्षरांच्या फाईलींमधून. एका फाईलीत त्याचा मजकूर, दुसरीत संदर्भांच्या नोंदी, प्रत्येक नोंदीला एक छोटीशी खूण. मजकुरात नुसती खूण टाकली की संगणक ती नोंद शोधून सूचीत नीट बसवतो. जिची खूण कुणी टाकली नाही, ती नोंद फाईलीत मुकाट पडून राहते, छापली जात नाही. फार सोयीचं आहे हे. आळशी माणसाला तर फारच, कारण पुस्तकाचं पान न उलटता नुसत्या खुणा टाकत सुटता येतं. बायको मात्र कामाला चोख. लांब नाव आलं तर दुसरी ओळ नीट आत सरकते की नाही, हेसुद्धा तिने पहिल्याच दिवशी पारखून घेतलं होतं.

"त्या नोंदीत माझी चूक झालीय," ती म्हणाली.

"पान नंबर चुकला असेल. कोण बघतंय?"

"बाहेरून येणारे परीक्षक बघतात. ते म्हणे प्रबंध मागून वाचतात."

हे खरं होतं. सूचीतली एखादी नोंद उचलायची आणि समोरच्याची सालटी काढायची, असा त्यांचा लौकिक होता. गेल्या वर्षी एकाला त्यांनी रडवून परत पाठवलं होतं.

"हे बघ," नवरा म्हणाला, "तू टाईप कर. विचार मी करतो."

हे तिला लागलं. तिने प्रबंध मिटून त्याच्या पिशवीत घातला.

तो हात धुवायला स्वयंपाकघरात गेला. नळगळतीवर प्रबंध लिहिणाऱ्याच्या घरचा नळ वर्षभर ठिबकत होता, आणि बेसिनमध्ये मांजर ठाण मांडून बसली होती. "ऊठ गं बये," तो म्हणाला. मांजर बायकोची. नावही तिनेच हौसेने ठेवलेलं. त्याचं 'बये'वर भागत असे.

गाडीत तिने परत विषय काढला. "ऐक ना, ती नोंद मी..."

"आता एक शब्द नको. माझं डोकं आधीच फिरलंय."

तिला त्याचा राग येत होता आणि त्याची कीवही येत होती. ती खिडकीबाहेर बघत नखं खात राहिली.

परीक्षेच्या खोलीत ती सगळ्यात मागे बसली. पुढे लांब टेबल, एका बाजूला मार्गदर्शक, मध्ये परीक्षक. परीक्षकांनी चष्मा पुसला, प्रबंध उलटा केला आणि मागून पानं चाळायला सुरुवात केली. त्यांचं बोट सूचीवरून खाली सरकत आलं आणि नेमकं थांबलं.

"ही नोंद. 'ठिबकणाऱ्या नळांची प्रत्यक्ष निरीक्षणे'. हा लेख तुम्ही स्वतः वाचलात?"

नवऱ्याने पाण्याचा घोट घेतला.

"हो सर. मूळ अंकच मिळवला. जरा अवघड लेख आहे."

परीक्षकांनी नोंदीखाली पेन्सिलने रेघ ओढली. बायको अर्धवट उठली. चूक माझी आहे, त्याची नाही, असं सांगून मोकळं व्हावं. खुर्ची कुरकुरली तसे मार्गदर्शकांनी डोळे वटारले.

"अवघड तर आहेच," परीक्षक म्हणाले. "हल्ली कुणी त्याच्या वाटेला जात नाही. लेखिकेला मी एका परिषदेत भेटलोय. बोलणं कमी, पण नजर फार तीक्ष्ण."

"अगदी," मार्गदर्शक घाईने म्हणाले. "आम्ही तर तो वर्गात शिकवायचो."

ती हळूच खाली बसली.

पुढचं सगळं सुरळीत झालं. निकाल लागला, हात मिळवले गेले, चहा आला. परीक्षक मुद्दाम तिच्याकडे आले. "सूची तुम्ही लावलीत म्हणे. नाव ठेवायला जागा नाही."

"हं," ती म्हणाली.

"बघितलंस?" घरी आल्यावर नवरा म्हणाला. "उगाच जीव खालीवर करत होतीस." आणि तो फोनवर आईला बातमी सांगायला लागला, पार शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

ती स्वयंपाकघरात गेली. नळ ठिबकतच होता. पहिल्या दिवशी ओळ पारखायला लेखिकेचं म्हणून जे नाव तिने गमतीने फाईलीत घातलं होतं, दोन ओळींचं, मागेपुढे मानाच्या बिरुदांसकट, ते तिने सावकाश, पूर्ण उच्चारलं.

बेसिनमधल्या मांजरीने मान वळवली.