ओळखायची माणसं

नंदनने आईच्या स्मृतियंत्राच्या सेटिंगची फाईल स्क्रीनवर उघडून दाखवली. ‘ओळखायची माणसं’ या ओळीत दोनच नावं उरली होती, त्याचं आणि त्याच्या बायकोचं.

"माझं नाव कुठाय, दादा?" इरावतीने विचारलं.

"सकाळी काढलं. तू येऊन गेलीस की आई आठ दिवस रडते. निस्तरायचं आम्ही."

"तिच्या आठवणी दवाखान्याच्या सर्व्हरवर आहेत. तुझ्या बापाच्या नाहीत त्या!"

"बाप एकच आहे आपला. आठवणींना कोण हात लावतंय? त्यातलं काय उघडायचं, ते फाईल ठरवते. ती फाईल माझ्या घरी ठेवायला सही कोणी दिली? ‘मला कुठे वेळ आहे’ म्हणालीस तेव्हा."

सही तिचीच होती.

"इरा, जेवलीस का गं?" आतून आईची हाक आली.

इरावती दचकली. "ओळखतेय की मला!"

"बदल झोपून उठल्यावर लागू होतो." नंदनने घड्याळ पाहिलं. "दीड वाजला. आता ती आडवी होईल."

इरावती आत धावली आणि आईचा हात धरून बोलत सुटली. पिवळी सायकल, फुटलेला गुडघा, आईने मास्तरांशी केलेलं भांडण. आई हसली, मग तिला जांभई आली.

"चहा टाकते, आई. कडक."

"आत्ता कसला चहा!"

नंदनने आत येऊन पडदा ओढला, पंखा वाढवला आणि आईच्या मानेखाली उशी सरकवली.

"पडते जरा," आई म्हणाली. "मी उठेपर्यंत जाऊ नकोस हं, इरा."