घर कुणावर चालतं

महिन्याभरात तिसऱ्यांदा ब्रदर पास्कल दारात उभे राहिले, तेव्हा अंबूबाईनं ओळखलं, की आज हा माणूस हर्षलला घेतल्याशिवाय जायचा नाही.

"या," ती म्हणाली खरी, पण खुर्ची काही पुढे केली नाही. ती मोतीरामनं केली आणि तो चहा टाकायला आत गेला.

मोतीराम तिचा एकुलता एक मुलगा. सातपूरला एका कारखान्यात मशीनवर होता. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली आणि तेव्हापासून माणूस बोलणंच विसरला. हर्षल त्याचा मुलगा, बाविशीचा, तिथंच दुसऱ्या कारखान्यात वेल्डर. दिवाळीत तो कायम झाला होता. एवढ्या तिघांचं घर.

ब्रदर पास्कलांचा ख्रिस्ती मठ दिंडोरी रस्त्याला. लग्न न करता एकत्र राहायचं, आणि घरच्यांनी टाकलेल्या आजाऱ्यांचं हगणंमुतणं काढायचं, असं त्यांचं व्रत. अंबूबाईला या लोकांबद्दल फार आदर होता. दुसऱ्याच्या घरातलं कुणी ब्रदर झालं की पेढा खायला ती सगळ्यांच्या पुढे. पण आदर वेगळा आणि आपला नातू वेगळा.

संशय तिला उगाच आला नव्हता. मठाच्या शिक्क्याची पाकिटं घरी यायला लागली होती, आणि तिची नजर पडायच्या आत हर्षल ती उचलून नेई. मग मठात 'या आणि पाहा' म्हणून दिवसभराचं शिबिर झालं. ज्याला मठाची ओढ वाटते त्यानं येऊन आपल्या डोळ्यांनी सगळं बघायचं, असं ते शिबिर. त्या रविवारी बापलेक एकाच मोटरसायकलवर सकाळी गेले ते दिवेलागणीला परतले. "दिंडोरीकडं काम हुतं," मोतीराम म्हणाला. बाप पोराला पोचवायला गेला होता, हे न कळायला ती काय कुक्कुलं बाळ होती? हर्षलचे तर डोळे सुजलेले. दोन दिवस तो धड जेवला नाही. सायलीचं इतकं चांगलं स्थळ काढलं, तर म्हणाला, "आजी, आधी घरातलं हे मिटू दे." हे म्हणजे काय, ते मात्र सांगेना.

आणि ब्रदरांचे प्रश्न! हर्षलची नोकरी पक्की झाली का, दारूबिरू पितो का, आजीला दवाखान्यात नेईल ना. मोतीरामबद्दल एक अवाक्षर नाही. बाजारात बैल घेणारा दात बघतो, तसा हा पोराला तपासत होता.

पण तिच्याकडेही तोड होती. शेजारच्या नवसाबाईचा भाचा मठात जायला निघाला होता आणि त्याला त्यांनी परत पाठवलं होतं. का, ते नवसाबाईनंच सांगितलं. "ज्याच्यावर घर चालतं त्याला त्ये घेत नाय. नियमच हाय तसा. घरी येऊन इचारत्यात."

ब्रदर पास्कल खुर्चीवर पुढे सरकून बसले. "आजी, सगळं तुमच्या कानावर आलंच असेल."

"आलंय. कुणी सांगाय लागत नाय मला."

"तुमचं मन नसेल तर आम्ही एक पाऊल पुढे टाकणार नाही. फक्त मला खरं सांगा. हे घर कुणावर चालतं?"

याच प्रश्नाची ती वाट बघत होती.

"हर्षलवर! किराणा त्यो आणतो, माझं औषधपाणी त्यो बघतो. समदं त्याच्यावर."

"आणि मोतीरामभाऊंची मदत?"

आत कपबशांचा आवाज थांबला. पहाटे उठून तिच्या गुडघ्यांना तेल चोळणारा मोतीराम, स्वतः भाकरी थापून तिला वाढणारा मोतीराम. त्याच्याबद्दल असं बोलायला अंबूबाईच्या जिवावर आलं. पण नातू वाचवायचा, तर तोंड वाईट करावंच लागणार होतं.

"त्याचं काय घिऊन बसलात? त्यो असला काय नि नसला काय, आमच्या चुलीला फरक पडत नाय."

"आजी, जरा जपून बोल," उंबऱ्यात बसलेला हर्षल कळवळून म्हणाला.

"तू गप रे!" तिनं डोळे वटारले. बघा, कशी जायची घाई झालीय पोराला!

ब्रदर पास्कलांनी पिशवीतून कागद काढला. "विचार करून सांगता ना? मला हे लिहून वर पाठवावं लागतं."

"मंग लिवा की! हर्षल हाय तवर मला दुसऱ्या कुणाची गरज नाय. हर्षल नाय, तर मी मेले. लिवा आसंच, आन् दावा तुमच्या मोठ्या ब्रदरला."

त्यांनी शब्द न् शब्द लिहिला, तिला वाचून दाखवला. तिनं खाली अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली. त्यांच्याच नियमात अडकवून ब्रदरलोकांना परत पाठवायचं, हे काय येरागबाळ्याचं काम होतं?

मोतीराम चहा घेऊन बाहेर आला. डोळे भरलेले. लागलं बिचाऱ्याला, तिला वाटलं. ब्रदर गेले की त्याच्या तोंडावरून हात फिरवायचा, सांगायचं, बाबा, तुझ्या लेकासाठीच बोलले रे हे सगळं.

ब्रदर पास्कलांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ते उठले, मोतीरामच्या हातातला ट्रे बाजूला ठेवून त्यांनी त्याला कडकडून मिठी मारली. "मोतीरामभाऊ, सोमवारी सामान घेऊन या. मठ तुमची वाट बघतोय." मग वळून त्यांनी अंबूबाईच्या पायांना हात लावला. "आजी, एकुलता एक मुलगा इतक्या मोकळ्या मनानं देवाला देणारी आई मी आजवर पाहिली नव्हती."