ओळखीचं गाणं

ओळखीचं गाणं लावूनच स्पीकर निवडावेत, म्हणून आर्विड डुलुथ शहरातल्या एका दुकानात चर्चच्या नाताळगाण्यांची सीडी घेऊन गेला. इंगर, त्याची बायको, गेल्यापासून तो रोज तीच ऐकायचा. त्या सीडीत गाणाऱ्या बायकांतला सगळ्यांत उंच, गोड आवाज तिचा, असं तो सगळ्यांना सांगायचा.

पहिल्या जोडीवर गाणं बरं वाजलं.

"काका, आता ही महागडी जोडी ऐका," दुकानदार डॅरेल म्हणाला. "कोण नाक ओढतंय तेसुद्धा कळेल!"

खरंच कळलं. गाणं सुरू व्हायच्या आधी गाणं बसवणाऱ्या बाई कुजबुजल्या, "इंगर, तू आपले नेहमीसारखे नुसते ओठ हलव हं."

"बरं," इंगर म्हणाली.

त्या सीडीत तिचा आवाज तेवढाच होता.