वकिलाचा घोटा

"आज मी बसतो वकिलाजवळ," मास्तर म्हणाला.

"पाय शेकायला रोज तूच बसतोस," बेकरीवाल्याने आठवण करून दिली. "शेवटचा दिवस आहे. तू वर जा, मजा कर. मी थांबतो."

"छे, छे. तू जा. तुला जास्त हौस."

खिडकीपाशी, स्टुलावरच्या उशीवर डावा पाय ठेवून बसलेल्या वकिलाला हे ऐकवेना. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, बर्फाच्या उतारावरून माणसं सुळसुळ खाली येत होती, आणि आत शाळेपासूनचे मित्र त्याच्यासाठी भांडत होते. असे मित्र मिळायला भाग्य लागतं. अडचण एवढीच होती, की त्या पायाला काडीइतकंही काही झालेलं नव्हतं.

त्याचं असं झालं. पहिल्या दिवशी ट्रेनरने चौघांच्या पायांत स्की अडकवून त्यांना ओळीत उभं केलं. वकील जेमतेम तोल सावरतो आहे, तोच कमरेएवढी एक पोर शेजारून सुसाट गेली. जाता जाता ती "काका, बाजूला" म्हणाली आणि काका जे बाजूला झाले, ते थेट कुंपणापर्यंत घरंगळत गेले. तिथे उताणं पडल्या पडल्या त्याला कळून चुकलं, की हे आपल्याच्याने या जन्मी व्हायचं नाही. आणि वर्षभर तर कोर्टाच्या कँटीनमध्ये त्याने स्कीइंगच्या गप्पा ठोकल्या होत्या. वर तीन काळजीचे चेहरे डोकावले, तेव्हा त्याने डोळे मिटले आणि घोटा धरला.

तिघांतला एक डॉक्टर होता. गुरांचा, पण घोटा तो घोटा. त्याने बराच वेळ चाचपून, दाबून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "आठवडाभर हा पाय जमिनीला लागता कामा नये. आणि याला एकटं सोडायचं नाही."

वकिलाचा हिशोब वेगळा होता. हे तिघं वर मजा करतील, आपण आपले दुलईत लोळत पडू. पण तिघांनी सेवेचा नुसता धडाका लावला. मास्तर पाय शेकायला बसायचा आणि शेकता शेकता भूमिती शिकवायचा. बेकरीवाला सकाळी गावात मलम आणायला जायचा तो संध्याकाळी उगवायचा, आणि मलम रोज संपलेलंच असायचं. डॉक्टर दर थोड्या वेळाने पट्टी सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. आधी आळीपाळीने एकेक जण थांबत होता, मग दोघं थांबायला लागले, आणि काल तर कोणीच वर गेलं नाही. तिघांच्या स्की दाराशी कोरड्या ठणठणीत उभ्या होत्या. तिकडे नजर गेली की वकील मान फिरवायचा.

त्यात सकाळीच बायकोचा फोन येऊन गेला होता. खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं.

"बेकरीवाल्या भावजींनी या सहलीसाठी जन्मात पहिल्यांदा दुकानाला कुलूप लावलंय," ती म्हणाली होती, "आणि तू त्यांच्याकडून पाय चेपून घेतोयस. लाज कशी वाटत नाही? आज सांगून टाक, नाहीतर मी सांगते."

"सांगितलं तर परत माझं तोंड बघणार नाहीत ते."

"नाही बघितलं तर नाही. पण सांग."

आता खालून ट्रेनरची हाक आली. "चला मंडळी, आज सगळ्यात उंच उतार तुमच्यासाठी राखून ठेवलाय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही दोघं जा," डॉक्टर म्हणाला. "पेशंटला सोडून मला हलता यायचं नाही."

"तू नाहीस तर मीही नाही," मास्तर म्हणाला.

"मी म्हणतो, कोणीच नको जायला," बेकरीवाल्याचा आवाज भरून आला. "हा इथे असा पडलाय आणि आपण वर जाऊन मजा करायची? माझ्या मनाला नाही पटत."

हे ऐकलं आणि वकिलाला राहवेना. त्याने उशी बाजूला सारली, पट्टी सोडली, उजवा पाय उचलला आणि नुसत्या डाव्या पायावर चार-सहा उड्या मारल्या. लाकडी जमीन दणदणली.

"काही झालेलं नाही मला," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून नाही. मी घाबरलो, एवढंच. माझ्यापायी तुमची सगळी सहल नासली. मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण आजचा एक दिवस तरी वर जा. मीपण येतो. पडलो तर पडलो."

मास्तरच्या हातातली शेकायची पिशवी हातातच राहिली. बेकरीवाल्याच्या तोंडावरचा रंग उडाला. संपलं, वकिलाला वाटलं, शाळेच्या बाकावर जुळलेली मैत्री आज संपली. तेवढ्यात ट्रेनरचे जड बूट जिना चढायला लागले.

सगळ्यात आधी डॉक्टर हलला. त्याने खांदे धरून वकिलाला खुर्चीत दाबलं. मास्तरने त्याचा पाय उचलून उशीवर ठेवला आणि बेकरीवाला दाराला पाठ लावून उभा राहिला. "सूज नाही हे मला कुंपणापाशीच कळलं होतं," पट्टी भराभर गुंडाळत डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाला. "आता मुकाट्याने कण्हायला लाग. इतके दिवस आम्ही तिघं तुझ्या या एका पायावर उभे आहोत."