नायिकेचा डबा

कादंबरीवर सिनेमा निघाला आणि कुमुदताईंच्या जुन्या संशयानं पुन्हा डोकं वर काढलं. नवऱ्यानं रंगवलेली ती नायिका इतकी खरी कशी? विचारलं की त्याचं उत्तर एकच, "अगं, सगळं मनातलं."

आज शूटिंग बघायला दोघं सेटवर आले, तर कुमुदताई थेट नायिकेच्या स्वयंपाकघरात शिरल्या. फळीवर कडीचा पितळी डबा होता. नायिका पत्रं लपवते ना, तो.

"हा सरांनी स्वतः आणून दिलाय," कलादिग्दर्शक कौतुकानं म्हणाला. "म्हणाले, हाच हवा."

कुमुदताईंनी डबा फिरवून पाहिला. काठावर नाव घातलेलं होतं: 'सौ. कुमुद पेठे यांजकडून सप्रेम भेट.' आपलंच नाव! म्हणजे नायिका आपणच की काय? आणि एवढी वर्षं उगाच या माणसाचा जीव खाल्ला! त्यांना हसू फुटलं.

मग आठवलं, हा डबा घरात कधी राहिलाच नव्हता. हौसेनं नाव घालून आणला, तो बालमैत्रिणीला, हेमांगीला, तिच्या लग्नात दिला होता.

नवरा खुर्चीत चष्मा पुसत बसला होता. डबा फळीवर ठेवत त्यांनी विचारलं, "काय म्हणते हो हेमांगी?"