टिकलीचा मालक

टिकली अर्ध्या मैदानातच थांबली. नुसती थांबली नाही, तर गाडीसकट वळली आणि कडेचं गवत खाऊ लागली. भोंग्यावरच्या माणसाला आयतंच सापडलं. "लोणारच्या शालिग्रामभाऊची घोडी जेवाले बसली हो!" नांदुऱ्याच्या शर्यतीला जमलेलं सगळं पब्लिक खो खो हसलं. शालिग्रामला तोंड लपवायला जागा उरली नाही. चांगली रोख रक्कम मोजून घेतलेली घोडी, आणि घेतल्यापासून एक शर्यत पुरी करेल तर शपथ!

हीच टिकली देऊळघाटच्या इंद्रभानबाबांकडे होती तेव्हा जिल्ह्यात तिच्यापुढे कोणाची गाडी टिकत नव्हती. तिनं बाबांना काय नाही मिळवून दिलं? कूलर दिला, फ्रीज दिला, भिंतभर ढाली दिल्या, मोटारसायकलसुद्धा दिली. पण बायको रुख्मिणीबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. फ्रीजमध्ये एका माणसापुरतं दूध. मोटारसायकल घरात उभी, कारण ती चालवणारा मुलगा प्रसेनजित पुण्याला. त्याचा फोन यायचा, "बाबा, घोडी कशी आहे?" तेवढं विचारून तो ठेवून द्यायचा. जिंकल्या दिवशी दारात गुलाल, फटाके, घोडीसोबत फोटो काढणाऱ्यांची झुंबड. दुसऱ्या दिवशी कुत्रं फिरकत नसे. घर नुसतं खायला उठायचं. म्हातारा मग तबेल्यात टिकलीशीच बोलत बसायचा.

अशी सोन्यासारखी घोडी त्यानं विकली, तेव्हा गाव म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

शर्यतीवरून शालिग्राम घरी गेलाच नाही. घोडी आणि शर्यतीची गाडी टेम्पोत घातली आणि तडक देऊळघाट गाठलं. बाबा ओट्यावर एकटेच बसलेले. त्याला पाहून ते चटकन उठले.

"काका, फसवलं तुमी मले," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "हे घ्या तुमची घोडी. माहे पैसे द्या."

बाबांचा चेहरा पडला. पैसे उडवले वाटते बुढ्यानं, शालिग्रामला वाटलं.

"परत नको करू, भाऊ," बाबा अगदी काकुळतीला आले. "गाडीले जुंप तिले. मी दाखवतो."

गावाबाहेरच्या माळावर शालिग्रामनं टिकलीला जुंपलं आणि लगाम हातात घेतला. बाबा पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी हाक दिली, "ये व माय, टिकले! ये!"

टिकलीनं कान टवकारले आणि अशी सुटली की शालिग्रामला गाडी धरून बसणं मुश्कील झालं. थेट बाबांपाशी जाऊन थांबली आणि त्यांच्या छातीवर डोकं घासू लागली.

"म्हंजे हे तुमच्या आवाजावर पयते?" शालिग्राम धापा टाकत म्हणाला.

"हाव. हरेक शर्यतीत निशाणापाशी मीच उभा राहो. शिंगरू होती तवापासून तिले तेच ठाऊक."

शालिग्रामचा राग कुठल्या कुठे गेला. "मंग तर सोपं काम आहे, काका! शर्यत असली की आदल्या दिवशीच जीप घेऊन येतो. मुक्काम आमच्या घरी. माय भाकर टाकीन, लेकरं तुमच्याजवळ बसतीन. चालते ना?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले होते.

एवढ्यात शालिग्रामला काहीतरी खटकलं. तो परत तापला. "पण थांबा. हे तुमाले पयलेपासून ठाऊक होतं! मंग विकताना सांगतलं काऊन नाही?"

बाबांनी टिकलीच्या मानेवरून हात फिरवला.

"सांगतलं असतं तर तू घोडी घेतली नसती," ते म्हणाले. "मंग मले न्यायले कोन आलं असतं, बापू?"