वाटी हलली नाही

"पुन्हा बोलवा," सून म्हणाली. तिसऱ्यांदा.

प्लँचेटवाल्या बाईंनी उसासा टाकला. अक्षरांच्या कागदावर वाटी उपडी ठेवली होती आणि तिच्यावर चौघींची बोटं टेकलेली होती. बाई, सून, सासू आणि शेजारीण.

सुनेचा नवरा सात महिन्यांपासून बेपत्ता होता. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला, पत्ता काही लागेना. शेवटी सासूनंच हा घाट घातला. "माझा मुलगा आहे की नाही, एवढं तरी कळू दे," म्हणाली. वर जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या शेजारणीलाही आग्रहानं सोबत घेतलं.

सून शिवणकाम करायची. सासूनं उभा जन्म पिठाच्या गिरणीत पोती उचलली होती. साठीतही दंड लोखंडासारखे. पुढचे दोन दात तेवढे नव्हते. पायरीवरून पडले, असं ती सांगायची. सुनेचं कोपरही त्याच पायरीनं मोडलं होतं.

वाटी जागची हलली नाही.

"अहो, आनंद माना!" बाई म्हणाल्या. "गेलेला माणूस माझ्या हाकेला आला नाही, असं तीस वर्षांत झालेलं नाही. तो जिवंत आहे. बघा, येईल घरी."

शेजारणीनं टाळ्या वाजवल्या. सासूनं डोळे टिपले. सुनेचे हात मात्र गार पडले.

परतताना तिला प्रत्येक पाठमोरा माणूस ओळखीचा वाटला. घरी येऊन ती मशीनवर बसली, तर दोन सुया मोडल्या. दार वाजलं तशी ती ताडकन उठली. पोस्टमन होता.

"बातमी सांगून येते चार घरी," म्हणत सासू शेजारणीबरोबर बाहेर पडली.

तिची पाठ वळताच सुनेनं पहार घेतली. परसातला लाकडांचा ढीग ओढून बाजूला केला आणि खणायला लागली. माती, दगड, पुन्हा माती. त्या दिवशी गुडघाभर खणलं होतं. आज ती मांडीपर्यंत आत उतरली.

काहीच नव्हतं.

म्हणजे बाई खरं बोलत होत्या?

मागे पावलं वाजली. सासू उभी होती. तिनं सुनेच्या हातातली पहार अलगद काढून घेतली.

"इथे नाही गं," ती म्हणाली. "इतकं उथळ पुरतात का कुणाला? दुसऱ्याच दिवशी मी त्याला हलवला."